नवा डिस्पोजर घ्यावा, की नुसता पाइप साफ करावा?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका ताईंनी विचारलंय: डिस्पोजर (सिंकखाली बसवलेलं, उरलंसुरलं अन्न बारीक करून पाइपात सोडणारं मशीन) चालू केला की पाणी शेजारच्या सिंकमध्ये वर येतं. पाइप साफ करायचे प्लंबरने २२५ डॉलर सांगितले, पण त्याचा आग्रह एक हॉर्सपॉवरचा नवा डिस्पोजर बसवण्याचा आहे, त्याचे ७८० डॉलर. नवरा म्हणतो, महिना ५५ डॉलरची होम वॉरंटीच (घरातली यंत्रं बिघडली तर दुरुस्त करून देण्याचा करार) घेऊन टाकू. काय करावं?

ताई, पाइप साफ करून घ्या. बाकीचे दोन्ही खर्च नकोत.

मशीन फिरतंय आणि पाणी तुंबतंय, म्हणजे मोटर बहुधा ठणठणीत आहे. चोंदलाय तो पुढचा पाइप. मशीन नुसतं घुंघुं करून अडलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तेव्हाही आधी ब्रेकर बंद करावा, तळाच्या भोकात पाव इंची ॲलन की (षटकोनी किल्ली) घालून दोन्हीकडे फिरवावी आणि मग लाल रिसेट बटण दाबावं. बरेचदा एवढ्यावर भागतं. मोटर दुप्पट ताकदीची आणलीत तरी सिंकखालचा पाइप दीड इंचाचाच राहणार!

तुम्ही लिहिलंय की उरलेला भात आणि कढईतलं तेल गरम पाणी सोडून आत घालवता. खरा खर्च तिथे आहे. गरम पाण्यानं तेल-तूप पातळ होतं, पुढे गार पाइपात थिजतं आणि त्यावर भाताची शितं, चहाचा चोथा चिकटत जातो. म्हणून नळ गारच ठेवा, मशीन बंद केल्यावरही पंधरा-वीस सेकंद पाणी वाहू द्या. तेल जुन्या डब्यात ओतून कचऱ्यात टाका, भातही कचऱ्यातच. शेवग्याच्या चघळलेल्या शेंगा, कांद्याची सालं, कोथिंबिरीचे देठ आत नकोत. त्यांचे धागे गुंडाळून बसतात. आंब्याची कोय तर मुळीच नको.

आता वॉरंटी. ५५ गुणिले १२, वर्षाला ६६० डॉलर, वर दुरुस्तीवाल्याच्या प्रत्येक फेरीची फी. चुकीच्या वापरानं झालेला बिघाड अशा करारांत सहसा वगळलेला असतो, तेव्हा नवऱ्याला अपवादांचं पान आधी वाचायला सांगा. घरातली फर्नेस (घर गरम ठेवणारं यंत्र) आणि एसी जुने झाले असतील तर त्यांच्यासाठी वॉरंटीचा वेगळा विचार करू, पण सिंकपायी ती घेऊ नका. तेच ५५ डॉलर दर महिन्याला वेगळ्या हाय-यील्ड (जास्त व्याजाच्या) सेव्हिंग्ज खात्यात आपोआप जाऊ द्या आणि ते खातं फक्त घरदुरुस्तीसाठी ठेवा.

भात-तेल बंद करूनही दोन-तीन महिन्यांत पाणी पुन्हा वर आलं, तर त्या खात्यातून पाइपात कॅमेरा घालून तपासणी करून घ्या. पाइपचा उतार कमी असेल तर तो तिथेच कळेल, आणि त्या दुरुस्तीवर खर्च करायला माझी हरकत नाही.