प्रवाळाच्या टाकीला पंप किती ताकदीचा?

प्रश्न : टाकी ३ बाय दीड बाय दीड फूट आहे, मऊ प्रवाळ ठेवलेत. ताशी ५,००० लिटरचा एकच पंप लावला, तर एका कोपऱ्यातली वाळू उडून तळाची काच दिसते आणि दगडांमागे गाळ साचतो. काय चुकलं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताकद थोडी जास्त आहेच, पण मुख्य चूक मांडणीची. तुमच्या टाकीत साधारण १९० लिटर पाणी मावतं. मऊ प्रवाळांना ताशी त्याच्या १० ते २० पट प्रवाह पुरतो. कठीण फांद्यांच्या प्रवाळांना ३० पटींच्या वर लागतो. म्हणून २,००० लिटरचे दोन पंप घ्या. समोरासमोरच्या काचांवर, पृष्ठभागाखाली चार बोटं, तोंड किंचित वर. दोन्ही धारा मध्यावर आदळल्या की पाणी घुसळतं, गाळ तरंगतो. झोत थेट प्रवाळावर नको, मांस सोलवटतं.

शक्यतो डीसी (एकदिश विजेवर चालणारा) पंप घ्या. पाणी कमी तापतं, सांगलीच्या एप्रिलमध्ये हे महत्त्वाचं. एक पंप बॅटरीवर चालेल असा ठेवा, वीज गेल्यावर आधी प्राणवायूच घटतो. पंप काचेला चुंबकाने धरलेला असतो, त्या चुंबकाची पकड काचेच्या जाडीला पुरते ना, तेही बघून घ्या.

घरघर सुरू झाली की पंपाच्या पात्यांवर चुना बसलाय समजा. निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर, अर्धा तास भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, धुऊन लावा.