व्हॅनमधील विजेचा हिशोब

मुक्कामाच्या व्हॅनसाठी पॉवर स्टेशन (उपकरणे चालवणारा बॅटरीचा तयार संच) किती वॅटचे घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. परंतु खरेदीपूर्वी दिवसाला किती वॅट-अवर (वॅट गुणिले तास, म्हणजे एकूण वीज) लागतील, याचा हिशोब मांडावा. ४५ वॅटच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर दिवसभरात एकूण आठ तास चालला, तर ३६० वॅट-अवर खर्च होतात. २५ वॅटचा पंखा रात्रभर चालल्यास आणखी २००, आणि दिवे व मोबाइल यांचे साधारण १०० धरावेत. म्हणजे दिवसाला साधारण ६६० वॅट-अवर झाले; तेव्हा १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची, १,२८० वॅट-अवर साठवणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळपास दोन दिवस पुरते. शिसे-आम्लाची बॅटरी स्वस्त असली, तरी टिकवायची असेल तर तिची निम्मीच क्षमता वापरता येते, त्यामुळे ती स्वस्ताई मला फसवीच वाटते.

इंडक्शन शेगडी फार वीज खाते, तिचा मोह टाळावा; स्वयंपाकाला गॅसच बरा. कोकणात पावसाळ्यात जाणार असाल, तर छतावरील सौर पॅनलवर विसंबू नका. गाडी चालताना अल्टरनेटरवरून (इंजिनावर फिरणाऱ्या वीजनिर्मिती यंत्रावरून) बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर बसवून घ्या. हिवाळ्यात स्पितीला जाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे, की शून्य अंशाखाली ही लिथियम बॅटरी चार्ज केल्यास ती कायमची बिघडते. म्हणून ती व्हॅनच्या आत, उबेत ठेवावी.