‘टाकून दिले’ हा शब्द आधी सोडा

नाशिकच्या एका वाचक भगिनीने लिहिले आहे : “आमची मुलगी आठ वर्षांची आहे. ती सहा महिन्यांची असताना आम्ही तिला संस्थेतून दत्तक घेतले आणि हे तिला ठाऊक आहे. गेल्या वाढदिवशी औक्षण झाल्यावर तिने विचारले, ‘जिच्या पोटातून मी आले, तिला आज माझी आठवण येत असेल का?’ माझ्या तोंडून निघून गेले, ‘जिने टाकून दिले, तिला कसली आठवण!’ पोर गप्प झाली. कागदपत्रांवरून एवढेच कळते, की जन्म देणारी 19 वर्षांची व अविवाहित होती आणि तिने स्वतः येऊन बाळ संस्थेकडे सोपवले. पोटचे मूल कोणी देऊ कसे शकते? मला तिचा राग येतो. तो चुकीचा आहे का?”

ताई, आपल्या लेकीला कोणी ‘नको’ म्हटले असेल, हा विचारच तुम्हाला सोसवत नाही, आणि म्हणून तो राग मला समजतो. मात्र त्यामागची तुमची माया मुलीला ऐकू गेली नाही. आपण टाकून देण्याजोग्या होतो, एवढेच तिने ऐकले. नवऱ्याने सोडलेल्या बाईला मराठीत ‘टाकलेली’ म्हणतात आणि टाकणारा बाजूला राहून लाज तिच्याच माथी येते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. तुमच्या मुलीच्या बाबतीतही हा शब्द तेच करील.

शिवाय तो शब्द खराही नाही. संस्थांमध्ये ज्याला सगळे ‘सरेंडर’ म्हणतात, ते बाळ दारात ठेवून निघून जाण्याइतके सोपे नसते. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार आईला बाळासह बाल कल्याण समितीपुढे यावे लागते, तिचे समुपदेशन होते, समितीची खात्री पटल्यावरच समितीसमोर कागदावर तिची सही होते आणि त्यानंतरही निर्णय बदलण्यासाठी तिला दोन महिने दिले जातात. ती मुदत संपेपर्यंत ते मूल दत्तक देता येत नाही. बाळ देण्याचे इतर चोरटे मार्ग या देशात आहेत, हे तुम्ही जाणता. त्या 19 वर्षांच्या मुलीने मात्र अनोळखी माणसांसमोर बसून, प्रश्नांना उत्तरे देऊन, आपले बाळ सुरक्षित हाती जाईल असा मार्ग धरला.

तिचे ते दोन महिने कसे गेले असतील, याचा थोडा विचार करा. आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी मिळते, डिंकाचे लाडू मिळतात, पाचवी पुजली जाते, बारसे होते. लपवून बाळंत झालेल्या मुलीच्या वाट्याला यातले बहुधा काहीच येत नाही. बाळ जवळ नसले तरी दूध येतेच, आणि ते का दुखते हे तिला घरात कोणाला सांगता येत नाही. परतल्यावर तिला काही घडलेच नाही असे वागावे लागते, बहुतेकदा जन्मभर. ‘तिने निवड केली’ असे आपण सहज म्हणतो, पण लग्नाशिवाय झालेले मूल सांभाळणाऱ्या मुलीला घर, काम आणि शेजार किती ठिकाणी मिळतो, हे आधी विचारायला हवे. आणि एक गोष्ट मला खटकली, ती स्पष्ट सांगते : त्या बाळाच्या बापाबद्दल तुमच्या पत्रात एक अक्षरही नाही.

हे कोडे आपल्या समाजात नवे नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते अशाच स्त्रियांसाठी. विधवांना तिथे गुप्तपणे बाळंत होता येई, बाळ घेऊन जावे की तिथेच ठेवावे हे त्यांच्या मर्जीवर असे. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्याने दत्तक घेतला. पुढे तो डॉक्टर झाला. त्या दोघांनी आलेल्या बाईचा आधी न्याय केला नाही, तिला दार उघडले. मला वाटते, तुमच्या घरातही आधी तेवढेच व्हायला हवे.

तुम्हाला एकदम तिच्याबद्दल प्रेम वाटले पाहिजे, असा माझा आग्रह नाही. मुलीसमोर तिला देवीही करू नका. ‘तुझ्यावर फार प्रेम होते म्हणून तिने तुला दिले’ हे वाक्यही टाळा, कारण फार प्रेम करणारी माणसे एक दिवस आपल्याला देऊन टाकतात, असा त्याचा अर्थ आठ वर्षांच्या मुलीला लागू शकतो. तिला कागदावर आहे तेवढे खरे सांगा : ती वयाने लहान होती, एकटी होती, तिला तुला वाढवणे शक्य नव्हते, आणि यात तुझी काहीही चूक नव्हती. 18 वर्षांची झाल्यावर आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी तिला स्वतः अर्ज करता येईल. जन्मदात्रीची संमती नसेल तर तिची ओळख उघड केली जात नाही, हेही तेव्हा समजावून सांगा. तोवर ती फाईल जपून ठेवा.

पुढच्या वाढदिवसाची मात्र वाट पाहू नका. आज रात्री वेणी घालताना तिला सांगा, “त्या दिवशी मी रागात चुकीचे बोलले. तिला तुझी आठवण येते का, हे मला ठाऊक नाही. पण तुझ्या वाढदिवशी यापुढे आपण दोघी तिची आठवण काढू.” मग ती जे विचारील, ते तिला विचारू द्या.