घराजवळची प्राथमिक शाळा चांगली आहे की नाही, प्रवेशाआधी कसं ओळखायचं?

साध्या कामाच्या दिवशी दुसरी-तिसरीच्या वर्गात अर्धा तास बसायची परवानगी मागा. इमारत किंवा माहितीपत्रकापेक्षा तिथे जास्त कळतं. पहिल्या तीन वर्षांत वाचन पक्कं झालं नाही, तर पुढे गणितातलं शाब्दिक उदाहरणसुद्धा अडतं, कारण ते आधी वाचून समजावं लागतं.

वर्गात नजर शेवटच्या बाकांवर ठेवा. शिक्षक तिथपर्यंत जातात का? उत्तरं तीच दोन-तीन मुलं देतात, की सगळ्यांना विचारलं जातं? मग चार-पाच वह्या चाळा. सगळ्यांत शब्दन् शब्द तेच उत्तर असेल, तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे. बरोबरची खूण आहे पण खाली चूक तशीच, म्हणजे वही वाचलेलीच नाही. याउलट मुलांची स्वतःची मोडकीतोडकी वाक्यं आणि शेजारी दुरुस्ती दिसली, तर ती फार चांगली खूण समजा.

मुख्याध्यापकांना एवढंच विचारा:
- मागे पडलेल्या मुलासाठी नेमकं काय करता? ('पालकांना कळवतो' एवढंच उत्तर पुरेसं नाही.)
- पहिलीचे शिक्षक वर्षभरात किती वेळा बदलले?
- एका शिक्षकाकडे किती इयत्ता आहेत?

स्वच्छतागृह मधल्या सुट्टीनंतर बघा. सकाळी ते धुतलेलंच असतं.

मात्र एका भेटीत दिसतो तो एका शिक्षकाचा वर्ग, म्हणून तिसरी-चौथीतल्या दोन-तीन मुलांच्या पालकांशीही बोला.