मेंढीला दाहशामक इंजेक्शन: काळजी हृदयाची की किडनीची?

प्रश्न: लंगडणाऱ्या आणि दगडी (कासेची सूज) झालेल्या मेंढ्यांना मेलोक्सिकॅम किंवा फ्लुनिक्सिन ही दाहशामक औषधे लागोपाठ काही दिवस दिले, तर हृदयावर ताण येतो का? इंजेक्शन दिल्यावर दुसऱ्या दिवशी मेंढी मेली, तर ती औषधाने मेली असे समजायचे का? गाभण मेंढीला हे औषध चालते का?

उत्तर: हृदयाची शंका येणे स्वाभाविक आहे. माणसांत याच गटातले रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराच्या झटक्यांमुळे 2004 मध्ये बाजारातून काढून घ्यावे लागले होते. मात्र ते झटके रक्तवाहिनीत गुठळी होऊन येत होते आणि रुग्ण ते औषध दीर्घकाळ घेत होते. निरोगी, पाणी पिणाऱ्या मेंढीला वजनानुसार योग्य मात्रेत एक-दोन दिवस मेलोक्सिकॅम दिले, तर हृदयाची फारशी चिंता करू नये. आधी मार बसतो तो किडनीला आणि चौथ्या पोटाला, म्हणजे आम्ल तयार होणाऱ्या खऱ्या जठराला.

त्याचे कारण समजून घ्या. सूज, ताप आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये शरीरात तयार होतात. ती तयार होऊ न देणे हेच या औषधांचे काम. पण हीच द्रव्ये चौथ्या पोटाच्या अस्तराला आम्लापासून वाचवतात आणि अंगातले पाणी कमी झाले की किडनीचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. म्हणजे हगवणीने सुकलेल्या, दोन दिवस पाण्याला तोंड न लावलेल्या मेंढीची किडनी त्यांच्याच आधारावर चालू असते. अशा वेळी इंजेक्शन दिले की तो आधार सुटतो. म्हणून सुई भरण्याआधी मेंढी पाणी पिते का, लघवी करते का, डोळे खोल गेलेत का, हे पाहा. मेंढी सुकलेली असेल तर आधी पाणी किंवा सलाईन, मग दाहशामक.

मात्रेतली चूकही बऱ्याचदा घडते. मेलोक्सिकॅमच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या असतात. एकीत मिलीलीटरला 5 मिलिग्रॅम औषध असते, तर दुसरीत 20. डॉक्टरांनी 20 मिलिग्रॅम सांगितले असेल, तर पहिलीतून 4 मिली घ्यायचे आणि दुसरीतून फक्त 1 मिली. सवयीने दुसरीतूनही 4 मिली भरले, तर मात्रा थेट चौपट होते. कोकराच्या बाबतीत तर वजन केल्याशिवाय सुई भरूच नका. बाटलीवरचे ब्रँडचे नाव बाजूला ठेवून घटक वाचा. दोन वेगळ्या नावांच्या बाटल्यांत एकच औषध निघते आणि नकळत दुप्पट दिले जाते.

या गटातली दोन औषधे एकत्र देऊ नका. डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड सोबत दिले तर पोटात व्रण होण्याचा धोका वाढतो. जेंटामायसिन या प्रतिजैविकासोबत दिले तर किडनीवर दुहेरी भार पडतो. काळी लेंडी, दात खाणे, रवंथ बंद होणे, लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढची सुई थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. डोळ्याची आतली पापणी पांढरी पडली असेल तर ते जंतांमुळेही असू शकते. पण अशा रक्त कमी असलेल्या मेंढीच्या पोटातून रक्त गेले, तर ते तिला अजिबात झेपत नाही.

हृदयाचा खरा धोका दुसऱ्या औषधांत आहे. कॅल्शियम शिरेतून भराभर सोडले किंवा टिल्मिकोसिन हे प्रतिजैविक चुकून शिरेत गेले, तर हृदय बंद पडू शकते. ही औषधे स्वतःच्या हाताने देऊच नका. तपासणीबद्दलही एक सांगतो. स्नायूत इंजेक्शन दिल्यावर त्या जागचा स्नायू दुखावतो आणि रक्तातली सीके आणि एएसटी ही एन्झाइम वाढतात. तेवढ्यावरून हृदय किंवा लिव्हर बिघडले असे म्हणता येत नाही. हृदयासाठी ट्रोपोनिन आणि किडनीसाठी क्रिएटिनिन व युरिया पाहतात.

हे वाचून दाहशामक द्यायलाच घाबरू नका. मेंढी दुखणे लपवते. ती लंगडताना दिसते तेव्हा वेदना बरीच वाढलेली असते, आणि दुखणारी मेंढी धड चरत नाही, पिलाला पाजत नाही. मात्र ताप उतरला म्हणजे आजार गेला असे नव्हे. खुरातली सड किंवा दगडी यावर मूळ उपचार हवेतच.

गाभण मेंढीला यातले काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात डेक्सामेथासोन दिले तर ती वेळेआधी विते. दूध आणि मांस किती दिवस वापरायचे नाही, तेही त्यांच्याकडून लिहूनच घ्या. याच गटातले डायक्लोफिनॅक तर जनावरांना नकोच. ते दिलेल्या मेलेल्या जनावरावर ताव मारणारी गिधाडे किडनी निकामी होऊन मरतात, म्हणूनच भारतात जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे.

आता दुसऱ्या दिवशी मेलेल्या मेंढीबद्दल. काळी पडलेली, गार कास असलेली दगडी विषबाधेने एका दिवसात मेंढी नेऊ शकते, त्यात औषधाचा दोष असेलच असे नाही. पुन्हा असे घडले तर मेंढी पुरण्याआधी शवविच्छेदन करून घ्या. चौथ्या पोटात व्रण आहेत का आणि किडनी कशी आहे, हे डॉक्टरांना उघडून पाहता येईल. वापरलेली बाटलीही त्यांना दाखवा.