तीर्थनला ट्राउटसाठी मे की ऑक्टोबर, आणि तोवर मुंबईत सराव कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला डोंबिवली, पाच नंबरचा फ्लाय रॉड (फ्लाय म्हणजे पिसं-लोकर बांधून किड्यासारखा केलेला गळ) नुकताच घेतलाय, हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट माशासाठी जायचंय. सुट्टी एक तर मेच्या शेवटच्या आठवड्यात मिळेल, नाही तर ऑक्टोबरात. कधी जावं, आणि मुंबईच्या आसपास ट्राउट नसताना हात कशावर बसवावा?

ऑक्टोबर घ्या. त्यातही पहिला पंधरवडा. ३१ तारखेच्या पुढे मात्र सुट्टी ढकलू नका, कारण हिमाचलात ट्राउटच्या पाण्यावर १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते. दिवाळी नोव्हेंबरात आली की दरवर्षी कुणी ना कुणी तिकीट काढून बसतं आणि मग विचारायला येतं.

पण महिना सांगून तुमचं काम होणार नाही. मी अकरा वर्षं तिकडे जातोय. तोच महिना एका वर्षी भरभरून देतो आणि पुढच्या वर्षी रिकाम्या हाताने पाठवतो. बघायच्या असतात तीन गोष्टी: पाणी किती गार आहे, त्याचा रंग काय आहे, आणि ते चढतंय की उतरतंय. या तिन्ही गोष्टी वाचायला तुम्ही कर्जत लोकलने जाऊन शिकू शकता, ट्राउट नसला तरी.

मी पहिल्यांदा गेलो तो जूनचा पहिला आठवडा होता, मुलांच्या शाळा सुरू व्हायच्या आधीचा. तीर्थनकाठच्या गुशैणी गावाजवळ उतरलो होतो. रोज नाश्ता करून दहाला नदीवर जायचो. तोपर्यंत पाणी हिरवट असायचं, एक वाजेपर्यंत सिमेंट कालवल्यासारखं राखाडी व्हायचं, आणि चारला उभं राहणं मुश्कील. तीन दिवस एक टोचणी नाही. चौथ्या दिवशी ज्यांच्या घरी राहिलो होतो ते भाईजी म्हणाले, कल साढ़े पाँच बजे चलो. पहाटे गेलो तर त्यांनी आधी नदी दाखवलीच नाही, काठचा एक धोंडा दाखवला. धोंड्यावर वीतभर रुंदीचा ओला पट्टा होता. पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत रात्री पाणी होतं, खालच्या कडेला आता. वर दुपारच्या उन्हाने बर्फ वितळतं, ते पाणी खाली यायला काही तास लागतात, म्हणून नदी संध्याकाळी आणि रात्री फुगते आणि पहाटे सगळ्यात खाली असते. आम्ही तीन दिवस चढत्या, गढूळ पाण्यात फ्लाय टाकत होतो. त्या सकाळी काठापासून हातभर अंतरावर, एका दगडाच्या आडोशाला पहिला ब्राउन ट्राउट लागला. दहा इंचांचा असेल. अंगावर तांबडे ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. ओल्या हातात धरला, फोटोसाठी थांबलो नाही, सोडून दिला.

म्हणून मे अखेरीलाच जावं लागलं, तर पहाटे पाच ते नऊ एवढेच तास धरा. काठाला चिकटून मारा, मधल्या धारेकडे बघूही नका. फ्लाय मोठी आणि काळपट हवी, वूली बगरसारखी, कारण अंधुक पाण्यात माशाला बारीक काही दिसत नाही. पाण्याची पारख सोपी आहे: गुडघाभर पाण्यात उभं राहून बुटाची लेस दिसते का बघा. लेस दिसत असेल तर मासाही तुमची फ्लाय बघू शकतो. बूटच दिसेनासा झाला की रॉड आवरा आणि कडेच्या एखाद्या लहान नाल्यावर जा, तिथलं पाणी बरेचदा निवळ असतं.

गारव्याचं म्हणाल तर ट्राउट हा मुळात इथला मासाच नाही. त्याची अंडी १९०० साली स्कॉटलंडहून काश्मीरला आली आणि काश्मीरमधून १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात गेली. तो तिथे टिकला तो गार पाण्यामुळे. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहतो, ३० अंशांना तोच साडेसातवर येतो. ट्राउटला १० ते १६ अंश मानवतात. १९-२० च्या वर पाणी गेलं की त्याला धाप लागते, आणि अशा पाण्यात लढवलेला मासा सोडल्यावर पोहत गेलेला दिसला तरी पुढे मरू शकतो. पाच-सहा अंशांना उलट तो सुस्त असतो, तळाशी बसून राहतो आणि तोंडासमोरून गेलं तरच उचलतो. साधा काचेचा थर्मामीटर दोरीला बांधून खिशात ठेवा. नदीवर पोचल्यावर रॉड जोडण्याआधी तो पाण्यात सोडायचा. माझ्या वहीत सगळ्यात जास्त कामाला आलेला रकाना तापमानाचाच आहे.

आता सरावाचं. आपल्याकडच्या नद्या मेपर्यंत आटतात असं आपण धरून चालतो, पण तीन नद्यांना पावसाशिवायही पाणी असतं, कारण घाटावर अडवलेलं पाणी टाटांच्या वीजघरांतून खाली कोकणात सोडलं जातं. खोपोलीचं १९१५ पासून पाताळगंगेत, भिवपुरीचं १९२२ पासून पेज नदीत, भिऱ्याचं १९२७ पासून कुंडलिकेत. कोलाडचं राफ्टिंग या भिऱ्याच्या पाण्यावरच चालतं. वीज लागेल तसं पाणी सोडतात, त्यामुळे नदी दिवसातल्या दिवसात चढते आणि उतरते. तीर्थनवर जे बर्फ करतं ते इथे वीजघर करतं! तुम्हाला जवळची पेज. भिवपुरी रोड किंवा कर्जतला उतरून रिक्षाने जाता येतं.

पेजवर पहिल्या दिवशी रॉड नेऊच नका. काठावर एका दगडावर खडूने रेघ मारा आणि दर अर्ध्या तासाने बघा. पाणी चढायला लागलं की आधी काय होतं ते टिपून ठेवा: वाळकी पानं आणि काटक्या वाहायला लागतात, खळाळाचा आवाज जाड होतो, मग रंग बदलतो. हे कान आणि डोळे तयार झाले की हिमाचलात जीव वाचतो. तिकडेही धरणांच्या खाली नदी अचानक चढते. लारजीजवळ, जिथे तीर्थन आणि सैंज बियासला मिळतात, तिथे धरण आहे आणि त्याच्या खालच्या पात्रात उतरायचं नाही म्हणजे नाही. इकडे कुंडलिकेत आणि पेजमध्येही मधल्या बेटावर जाऊन उभं राहू नका. गावात कुणाला तरी विचारा, पाणी कधी सोडतात ते त्यांना ठाऊक असतं. आणि गरवायला आलोय हेही सांगा, न विचारता पात्रात उतरणं बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी दगड उलटा. खळाळातला मुठीएवढा दगड उचलून त्याची खालची बाजू बघा. चपटे, सहा पायांचे, शेपटीला दोन-तीन केस असलेले किडे सरसर पळतील, ती मेफ्लाय या पाणकिड्याची पिल्लं. वाळूचे कण चिकटवून केलेल्या बारीक नळ्या दिसतील, त्यात कॅडिस नावाच्या दुसऱ्या किड्याची अळी असते. तीर्थनमध्ये जातीने वेगळे, पण याच घराण्यातले किडे दगडाखाली असतात, आणि ट्राउटचं बरंचसं पोट त्यांच्यावर भरतं. फेझंट टेल किंवा हेअर्स इअर निम्फ म्हणजे याच पिल्लाची नक्कल. एकदा खरा किडा तळहातावर बघितला की डबीतली कुठली फ्लाय काढायची ते कुणाला विचारावं लागत नाही.

मग टाकायचा सराव. लाइन मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायला शिकायचं, हे मैदानावरही जमतं. हुकाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा. नदीवर शिकायचं ते वेगळं: फ्लाय पाण्याच्या वेगाने वाहू देणं. तुम्ही आणि फ्लाय यांच्यामध्ये जोराची धार असेल तर ती लाइनला पोटाशी ओढते आणि फ्लाय पाण्यावर रेघ काढत घसरते. अशी फ्लाय ट्राउट सोडून देतो. पेजच्या काठी करंज खूप आहेत. करंजाचं वाळकं पान फ्लायच्या शेजारी पाण्यात सोडा. फ्लाय आणि पान बरोबरीने सहा-सात हात गेले तर वाहणं बरोबर. फ्लाय पुढे पळाली किंवा मागे अडकली तर लाइन उचलून धारेच्या वरच्या बाजूला परत टाका. एका सकाळी शंभर वेळा हे केलंत तर ऑक्टोबरात पहिल्याच दिवशी फरक कळेल. मध्येच चिलापी किंवा एखादा बारका मासा लागेलही. मरळ हवा असेल तर ते संथ डोहाचं, झाडोऱ्याचं काम, त्याला जाड लीडर (लाइन आणि फ्लायमधला पारदर्शक धागा) लागतो आणि ट्राउटशी त्याचा काही संबंध नाही.

बदलापूरच्या खाली उल्हास नदीत उतरू नका, पाणी घाण आहे. वांगणीच्या वर ठीक.

हा सराव जूनच्या पहिल्या पावसाआधी उरका. पाऊस लागला की आपल्याकडे वलगण चढते. पोट गाभोळीने फुगलेले मासे ओढ्यातून, शेतातून वर अंडी घालायला निघतात. आमच्या लहानपणी बदलापूरला वलगणीचे मासे टोपलीने घरी यायचे आणि आजी कौतुकाने करायची. तेव्हा नदीत मासा होता. आता वाटेतच सगळे उचलले तर वर जायला कुणी उरत नाही, म्हणून मी जून-जुलैत गरी हातात धरत नाही. हिमाचलातली नोव्हेंबरची बंदीही याच कारणाची आहे. ब्राउन ट्राउटची वलगण थंडीत असते. मादी शेपटीने वाळू-गोट्यांत खड्डा करते, अंडी घालून वरून गोटे ओढते. तळाला बाकीच्यापेक्षा उजळ, धुतल्यासारखा दिसणारा गोट्यांचा तुकडा असला तर तिथे पाय ठेवायचा नाही. मार्चमध्ये हंगाम उघडतो तेव्हाही अंडी किंवा पिल्लं गोट्यांतच असू शकतात. ऑक्टोबरच्या शेवटी उथळ पाण्यात दोन मासे जोडीने दिसले तर फ्लाय न टाकता पुढे जा. हे मी कळकळीने सांगतोय, कारण तेच मासे सगळ्यात सहज लागतात.

मार्च ते मेच्या मध्यापर्यंतचं थोडक्यात: पाणी कमी, काचेसारखं आणि खूप गार. सकाळी घाई नको, अकरा ते तीन बरं. बारीक, मणी लावलेली निम्फ तळाशी, लीडर लांब. एप्रिलअखेर पाणी दहा-बाराला आलं की मासा वरही खायला लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, नदी चिखलाची होते, तेव्हा जाऊ नये.

ऑक्टोबरात पावसाळा संपून पाणी निवळलेलं असतं, बर्फाचं पाणीही कमी झालेलं. निळसर हिरवं, लेस सोडा, बुटाशेजारचा बारीक गोटाही दिसेल इतकं. मासा थंडीआधी पोट भरत असतो. ऊन पाण्यावर आल्यावर, दहाच्या सुमारास सुरू करा. अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस या ड्राय, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लाय, गळ १४ आणि १६ नंबरचा, दुपारी गवताच्या काठाला नाकतोड्याची फ्लाय. टिपेट, म्हणजे लीडरच्या टोकाचा बारीक धागा, ५ एक्स, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. गळाच्या टोकाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाका, सोडायला सोपं जातं. पाणी जितकं स्वच्छ तितके तुम्हीही दिसता, तेव्हा भडक टी-शर्ट नको आणि खालून वर चालत जा. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो, मागून गेलेला माणूस त्याला उशिरा दिसतो. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा, आणि ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत रॉड नेऊ नका. जायला चंदीगडहून मनालीच्या बसने औटच्या बोगद्याच्या तोंडाशी उतरायचं, तिथून बंजारची गाडी मिळते.

एक तुम्ही लिहिलेलं नाही: रॉडवर लाइन कोणती चढवलीय? डबीवर डब्ल्यूएफ-५-एफ असं छापलेलं असेल तर बरोबर, ती पाच नंबरची तरंगणारी लाइन. शेवटचं अक्षर एस असेल तर ती बुडणारी लाइन आहे, ड्राय फ्लायला चालणार नाही. पेजला जायच्या आधी बदलून घ्या.