इंडी गाण्यांचं व्यावसायिक रेडिओ स्टेशन चिकित्सक कानाने कसं ऐकावं?

तुम्ही विचारलंय की, इंडी गाणी, म्हणजे मोठ्या संगीत कंपन्यांबाहेरच्या बँडची गाणी, लावणारं कॅनडातल्या टोरोंटोचं एक व्यावसायिक स्टेशन आधी फार आवडलं, महिन्याभरात तेच तेच वाटायला लागलं. दोष स्टेशनचा की तुमच्या कानाचा?

कान तुमचा बरोबर आहे. मी मिरजेचा. शाळेतून येताना सतारमेकर गल्लीत रेंगाळायचो. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजता नाद, लावताना कारागीर घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तारेखालचं सूत केसभर सरकवतो, तार छेडतो आणि गप्प बसतो. तो नाद विरतो कसा, हे ऐकत असतो. रेडिओही मी तसाच ऐकतो. गाणं संपतं तिथे कान लावायचा.

मी चार दिवस वही घेऊन बसलो. तिथले सकाळचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेपाच. एकच गाणं पावणेसहाला, आठला, पुन्हा सव्वादहाला. दुसऱ्या दिवशीही तेच. हे चुकून होत नाही. गाडीत वीस मिनिटं असलेल्या माणसाने स्टेशन बदलू नये, म्हणून मोजक्या गाण्यांची यादी फिरवत ठेवतात. निवेदकाच्या हातात बहुधा काहीच नसतं, त्याच्यावर रागावू नका. शिवाय कॅनडात अशा स्टेशनांना आठवड्यातली किमान ३५ टक्के गाणी कॅनडाची लावण्याचा नियम आहे. तो वाटा नव्या बँडना मिळतो की जुन्याच नावाजलेल्यांना, हे वहीत उतरवा. त्यात स्टेशनचं मन कळतं.

मग गाण्याच्या कडा ऐका. शेवटचा सूर विरायच्या आत जाहिरात येते का? गाणं कुणाचं होतं ते सांगतात का? नवख्या बँडचं नावच घेत नाहीत, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. त्या पोरांना रेडिओकडून दुसरं मिळतं तरी काय?

आवाजाचंही पाहा. तेच गाणं बँडच्या स्वतःच्या पानावरून हेडफोन लावून ऐका. स्टेशनवर ते प्रोसेसरमधून येतं, हळू भाग वर उचलला जातो, मोठा दाबला जातो. रहदारीत ऐकू यावं म्हणून ठीक, पण गिटारचा विरता नाद आणि तिचा पहिला ठोका जवळजवळ एकाच उंचीवर येतात.

जाहिरातींवर चालणारं म्हणून मात्र मोडीत काढू नका. लॉस एंजेलिसचं इंडी १०३.१ व्यावसायिकच होतं. २००३च्या अखेरीस सुरू झालं आणि जानेवारी २००९मध्ये एफएमवरून गेलं. तिथे सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडचा गिटारवादक स्टीव्ह जोन्स स्वतःच्या आवडीच्या तबकड्या लावून गप्पा मारायचा.

तुमच्या स्टेशनवरही असा एखादा तास असेल, बहुतेक रविवारी रात्री, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे. मला सापडला तो तसाच. निवेदक बँडचं नाव दोनदा सांगतो आणि गाणं पूर्ण विरू देतो. त्या तासासाठी मी गजर लावून उठतो.